तीनशे गाड्या संगमरवर आणि एक हिरेव्यापारी

बीबी का मकबऱ्यासमोर उभं राहून फोटो काढला नाही असा विद्यार्थी आपल्या जालना-बदनापूर पट्ट्यात शोधून सापडायचा नाही. शाळेच्या सहलीचा एक, कॉलेजच्या ग्रुपचा एक, पाहुणे आले की अजून एक. मागे पांढरा घुमट, पुढे आपण. पुढच्या वेळी जाल तेव्हा मोबाइल खिशात ठेवा आणि भिंतीकडे नीट बघा. खालचा साधारण साडेपाच फुटांचा पट्टा संगमरवराचा आहे. त्याच्या वर घुमटाच्या बुडापर्यंत जे पांढरं दिसतं, तो चुन्याचा घोटीव गिलावा. गिलाव्याच्या आत आपला नेहमीचा काळा दगड. आणि मग घुमट पुन्हा संगमरवरी.

याला आपण सरळ ‘गरिबांचा ताज’ म्हणून मोकळे होतो. औरंगजेब चिक्कू होता, विषय संपला. पण चिक्कूपणाच्या आधी एक साधा प्रश्न आहे: तो साडेपाच फुटांचा संगमरवर तरी इथं आला कसा? मराठवाड्याच्या पोटात लाव्हारसाचा काळा कातळ आहे, वेरूळची लेणी त्याच्यातच कोरली. संगमरवर म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेनं आणि दाबानं रूप पालटलेला चुनखडक. तो इथं नाही. तो राजस्थानात मकरान्याला आहे, इथून सुमारे हजार किलोमीटरवर. ना रेल्वे, ना समृद्धी महामार्ग.

तो दगड वाटेत असताना एका माणसानं डोळ्यांनी पाहिला आणि लिहून ठेवलं. तो माणूस ना मुघलांचा कारकून होता, ना शाही इतिहासकार. तो पॅरिसचा हिरेव्यापारी होता. नाव ज्यां बाप्तिस्त टॅव्हर्निये.

नकाशांच्या दुकानातला मुलगा

टॅव्हर्निये जन्मला १६०५ मध्ये. वडील नकाशांचा धंदा करायचे. कुटुंब मूळ अँटवर्पकडचं, धर्मानं प्रॉटेस्टंट. कॅथलिक फ्रान्समध्ये प्रॉटेस्टंट असणं म्हणजे काय, ते त्याला म्हातारपणी कळणार होतं. घरात लहानपणापासून भूगोलाच्याच गप्पा. त्यामुळे पोरगं घरात थांबलंच नाही. बाविशी गाठेपर्यंत त्यानं इंग्लंड, जर्मनी, पोलंड, हंगेरी, इटली असा बराचसा युरोप पालथा घातला होता. (बावीस म्हणजे आपण इंटर्नशिपचं सर्टिफिकेट कधी मिळणार याची वाट बघतो ते वय.)

१६३१ च्या सुमारास तो पहिल्यांदा पूर्वेला निघाला आणि इराणपर्यंत जाऊन आला. त्यानंतर अजून पाच फेऱ्या केल्या. शेवटची संपली १६६८ मध्ये. धंद्याचं सूत्र सोपं होतं. युरोपातून किमती, हलक्या वजनाच्या वस्तू न्यायच्या, इराणात आणि हिंदुस्थानात विकायच्या, आणि त्या पैशातून हिरे-मोती घेऊन परतायचं. दुसऱ्या फेरीत, १६४० च्या आसपास, तो सुरतेला उतरला. तिथून पुढं त्याची दोन ठिकाणं ठरलेली: एक आग्रा-दिल्लीचा दरबार आणि दुसरं गोवळकोंडा. कारण गोवळकोंड्याच्या राज्यात हिऱ्यांच्या खाणी होत्या. कोल्लूरच्या खाणीवर साठ हजार माणसं राबतात असं त्यानं लिहिलंय. बाया, पोरं, पुरुष सगळे धरून.

आता आपल्या कामाची गोष्ट. सुरतेहून गोवळकोंड्याला जाणारा रस्ता नवापूर, पिंपळनेर, दौलताबाद, औरंगाबाद असा यायचा. पुढं अंबडवरून नांदेडकडे. म्हणजे बदनापूरच्या दक्षिणेला अगदी पलीकडच्या तालुक्यातून हा माणूस गेलेला आहे. नवापूरच्या तांदळाचा वास त्याला इतका आवडला की त्यानं त्याची वेगळी नोंद केली. जाता जाता एवढंच, की तो ज्या नजरेनं हिरा पारखायचा त्याच नजरेनं तांदूळही पारखायचा. काय पिकतं, काय भाव, भाडं किती, किती दिवस लागतात. पुस्तकभर हेच.

बैलांचा हिशेब

त्या काळी या रस्त्यावर सगळं बैलांच्या जिवावर चालायचं. टॅव्हर्नियेनं स्वतःच्या गाडीला दोन बैल घेतले, त्यांना जवळजवळ सहाशे रुपये पडले. सहाशे! वाटेत चोरांपासून राखण करायला जे हत्यारबंद शिपाई ठेवावे लागत, त्यांना माणशी महिना चार रुपयांच्या आसपास मिळायचे. म्हणजे त्या बैलजोडीच्या किमतीत एका शिपायाचा साडेबारा वर्षांचा पगार निघाला असता. अर्थात ते साधे ओढकामाचे बैल नव्हते, दौडणारे, लांब पल्ल्याचे होते. तरी आकडा बघून थबकायला होतं.

त्या बैलांचं खाणंपिणंही त्यानं लिहून ठेवलंय. अर्धी मजल झाली की कणकेचे, लोणी आणि गूळ घालून मळलेले गोळे. संध्याकाळी भरडून भिजवलेला हरभरा. पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे बैलाला जे लाड होतात, ते या बैलांचे रोज व्हायचे. कारण उघड आहे, बैल बसला की व्यापार बसला.

सामान वाहणाऱ्या तांड्यांचं त्याचं वर्णन तर आपल्या भागातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे. अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला की तो जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबायचं. ट्रॅफिक जाम म्हणजे काय ते या माणसाला विचारा. हे तांडेवाले म्हणजे आपले बंजारा. त्यांच्यात चार गट आणि एकेका गटाकडे एकेक माल, असं तो सांगतो. कुणाकडे धान्य, कुणाकडे तांदूळ, कुणाकडे डाळी, कुणाकडे मीठ. बीडीएन ७११ सारखे तुरीचे वाण ज्या बदनापूरच्या संशोधन केंद्रानं दिले, तिथल्या वाचकांनी यातला डाळींचा गट लक्षात ठेवायला हरकत नाही.

पण हे तांडे पाठीवर माल वाहायचे. एका बैलाच्या पाठीवर दीडशे किलोच्या आसपास. धान्य पोत्यात वाटून भरता येतं. संगमरवराची शिळा वाटता येत नाही. एक घनमीटर संगमरवराचं वजन सुमारे २७०० किलो भरतं. तिला गाडीच हवी.

आणि नेमक्या त्याच गाड्या टॅव्हर्नियेला दिसल्या. सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना, औरंगाबाद पाच मजलांवर असताना, संगमरवर लादलेल्या तीनशेहून जास्त गाड्या त्याला लागल्या. त्यातल्या सगळ्यात लहान गाडीला बारा बैल होते. सगळ्यात लहान! त्यानं एकूण बैल मोजून सांगितले नाहीत, पण गुणाकार आपल्याला येतो. कमीत कमी ३६००. त्यांचा चारा, पाणी, गाडीवान, तुटणारे आस, झिजणारी चाकं, चढावर मागून लावायच्या उटी. दगड वाटेत जवळजवळ चार महिने असतो, हेही त्यानं लिहिलं. हजार किलोमीटर भागिले एकशेवीस दिवस केले तर रोजचे आठ-नऊ किलोमीटर होतात. बदनापूरहून संभाजीनगर साधारण चाळीस किलोमीटर. आपण तासाभरात पोचतो, त्या दगडाला पाच दिवस लागले असते.

कुणाची कबर, कधीची गोष्ट

हा दगड चालला होता दिलरस बानू बेगमच्या कबरीसाठी. औरंगजेबाची पहिली बायको. ८ ऑक्टोबर १६५७ ला ती औरंगाबादेत वारली, पाचव्या बाळंतपणानंतर महिन्याभरातच. मकबरा तिच्या मुलानं, आझमशहानं आईसाठी बांधला असं आपण ऐकत आलो. आझमशहा १६५३ चा. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता. चार वर्षांचं पोर मकराण्याला ऑर्डर देत नाही. मंजुरी आणि पैसा औरंगजेबाचा असणार, हे सांगायला इतिहासाची पदवी लागत नाही.

तारखांचा घोळ टॅव्हर्नियेच्या बाबतीतही होतो. त्यानं या गाड्या १६५३ मध्ये पाहिल्या असं बऱ्याच ठिकाणी छापलेलं आढळतं. पण १६५३ मध्ये दिलरस जिवंत होती! टॅव्हर्नियेचा पाचवा प्रवास १६५७ ते १६६२ चा. गाड्यांची गाठ त्याच प्रवासात पडलेली असणार. मकबरा १६६० च्या सुमारास उभा राहिला, त्याच्याशीही हे जुळतं.

आणि हा काळ कसला होता? १६५८ च्या सुरुवातीला औरंगजेब दख्खन सोडून भावांशी लढायला उत्तरेकडे निघाला. सैन्याला बैल हवेत, तोफांना बैल हवेत, आणि त्याच काळात इकडे दगडालाही बैल हवेत. या कामासाठी त्यानं सात लाख रुपये मंजूर केले होते. गुलाम मुस्तफाच्या ‘तारीखनामा’त खर्च दिलाय ६,६८,२०३ रुपये ७ आणे. ते सात आणेसुद्धा लिहिलेत, म्हणजे हिशेब किती काटेकोर असेल बघा. वास्तुविशारद होता अताउल्ला, ताजमहालाशी ज्याचं नाव जोडलं जातं त्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. सोबत अभियंता हंसपतराय. दोघांची नावं प्रवेशद्वारावर कोरलेली आहेत. आता अताउल्लाच्या जागी स्वतःला उभं करा. बापाच्या ताजचा आराखडा डोक्यात, हातात ठरावीक रक्कम, आणि प्रत्येक शिळा बारा बैलांच्या भाड्यानं महाग झालेली. तो काय करेल? जिथं माणसाची नजर आणि हात पोचतो तिथं संगमरवर लावेल, जो लांबून दिसतो त्या घुमटाला संगमरवर लावेल, आणि मधलं गिलाव्यावर निभावेल. माझ्या मते यात चिक्कूपणापेक्षा वाहतुकीचं गणित जास्त आहे. तो गिलावा इतका सुंदर घोटलाय की साडेतीनशे वर्षांनीही आपण फसतो.

खाणीकडची बाजू

मकरान्यात दगड काढायची जुनी रीत अशी: शिळेच्या रेषेत छिन्नीनं ओळीनं भोकं पाडायची, त्यात लोखंडी पाचरा बसवायच्या आणि पाळीपाळीनं घणाचे घाव घालत जायचं, जोवर दगड त्या रेषेवर उकलत नाही. मग दोर, तरफा, लाकडी ओंडके आणि माणसांचे खांदे. घाव एका जागी जास्त बसला तर शिळा भलतीकडेच तडकते आणि सगळी मेहनत पाण्यात.

ही माणसं मिळवणं बादशहालाही सोपं नव्हतं. ताजमहालाच्या वेळी शाहजहाननं आमेरच्या राजाला फर्मानावर फर्मानं पाठवली: गाड्या भाड्यानं जमवा, दगडफोडे पाठवा. १६३७ च्या फर्मानात तर तक्रारच आहे, की तुमची माणसं दगडफोड्यांना तिकडंच अडवून ठेवताहेत. तो राजा कोण माहितीय? मिर्झाराजे जयसिंग. पुरंदरच्या तहात आपल्याला भेटतात तेच.

टॅव्हर्नियेनं यातलं काही पाहिलं नव्हतं. उलट मकबऱ्याचा संगमरवर लाहोरजवळून येतो असं त्यानं लिहून टाकलंय. कुणीतरी गाडीवानानं किंवा दलालानं सांगितलं असेल, यानं टिपून घेतलं. हीच त्याची गंमत आहे. ऐकीव गोष्टीत तो बेधडक चुकतो. ताजमहालाचं काम सुरू होताना आणि संपताना, दोन्ही वेळा आपण हजर होतो असं तो सांगतो. पण काम १६३२ ला सुरू झालं आणि तो तर १६४० च्या आसपास पहिल्यांदा हिंदुस्थानात आला. यमुनेपलीकडे शाहजहाननं स्वतःची कबर सुरू केली होती हेही त्याचंच. पुढं त्या गोष्टीला काळा रंग चढला आणि ‘काळा ताजमहाल’ जन्माला आला. पुरातत्त्ववाल्यांनी तिथं मेहताब बागेत खोदून पाहिलं तेव्हा बाग निघाली, कबरीचा पाया नाही. मग तीनशे गाड्यांवर विश्वास का ठेवायचा? कारण गाड्या, बैल, भाडं आणि दिवस हा त्याच्या पोटापाण्याचा विषय होता. तिथं चुकला असता तर त्याचं दिवाळं निघालं असतं.

निळा हिरा आणि मॉस्कोची थंडी

धंद्यात तो भलताच पुढं गेला. औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान त्याचा मोठा गिऱ्हाईक. लाल महालातली बोटं जाऊन खान बंगालच्या सुभ्यावर गेला, तरी टॅव्हर्निये १६६६ च्या जानेवारीत ढाक्यापर्यंत त्याच्या मागे गेला. त्याआधी, १६६५ च्या नोव्हेंबरात, त्याला औरंगजेबाचं जडजवाहीर जवळून बघायला मिळालं. ‘ग्रेट मोगल’ हा प्रचंड हिरा त्यानं हातात घेऊन पाहिला आणि रतींमध्ये त्याचं वजन लिहून ठेवलं. तो हिरा पुढं कुठं गेला यावर अजून वाद चालू आहेत.

हिंदुस्थानातून त्यानं नेलेला एक मोठा निळा हिरा, जुन्या मापानं ११२ कॅरेटचा, १६६९ मध्ये चौदाव्या लुईनं विकत घेतला. राजानं तो पुन्हा कापून घेतला. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ ला, चोरांनी तो पळवला. आज त्याचाच राहिलेला भाग ‘होप’ हिरा म्हणून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. ‘टायटॅनिक’मधल्या निळ्या हाराची तुलना नेहमी त्याच्याशी होते. त्यानं तो देवाच्या मूर्तीतून चोरला आणि शेवटी त्याला कुत्र्यांनी फाडून खाल्लं, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ती नंतर रचलेली भाकडकथा आहे.

खरं काय झालं ते जास्त चटका लावणारं आहे. राजानं त्याला सरदारकी दिली, त्यानं स्वित्झर्लंडमध्ये ओबोनची जहागीर घेतली. १६७६ ला ‘सहा प्रवास’ छापून आले. भटक्या माणूस, लिहिण्याची बैठक नाही. शाप्युझो नावाच्या लेखकाला हाताशी धरून त्यानं पुस्तक पुरं केलं. ते गाजलं, भाषांतरं झाली. त्यानंतर पैसा आटत गेला. १६८५ मध्ये जहागीर विकली. त्याच वर्षी, ज्यानं हिरे घेतले त्याच चौदाव्या लुईनं प्रॉटेस्टंटांना असलेलं संरक्षण काढून घेतलं आणि हजारो प्रॉटेस्टंट देशोधडीला लागले.

ऐंशी ओलांडलेला टॅव्हर्निये पुन्हा निघाला. या वेळी रशियामार्गे, पूर्वेकडे. १६८९ मध्ये मॉस्कोत तो वारला. वय चौऱ्याऐंशी. तिथल्या प्रॉटेस्टंट दफनभूमीत त्याची कबर असल्याचं एकोणिसाव्या शतकात एका रशियन अभ्यासकानं शोधून काढलं. दगडावरचं नाव तोवर अर्धंमुर्धंच वाचता येत होतं.